गोळी आणि ताकाचा पेला
‘अँटिबायोटिकसोबत ताक प्या’ असं लेखात सरसकट लिहिलंय, ते खटकलं. गेल्या पावसाळ्यात इथे कोपरीत आमच्या ह्यांना जुलाब आणि ताप, डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० हे अँटिबायोटिक दिलं, सकाळ-संध्याकाळ. सासूबाईंनी गोळी थेट ताकाच्या पेल्यासोबतच हातात ठेवली! नशीब, केमिस्टने पाकिटावर पेनाने ‘फक्त पाणी’ लिहिलं होतं. दुधा-ताकातलं कॅल्शियम ह्या गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचंही तेच. गोळी त्याच्या २ तास आधी, नाहीतर ६ तासांनंतर. ओआरएस मात्र घोट घोट चालूच होतं. तिसऱ्या दिवशी पोट शांत, तर स्वारी म्हणते, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेला ठेवू. नाही ठेवू दिल्या.