रोज रात्रीचा जुलाब म्हणजे आयुर्वेद नव्हे

ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक नुस्खा सतत फिरतो. सोनामुखी, हिरडा आणि सैंधव समभाग घेऊन चूर्ण करा आणि रोज रात्री दोन चमचे गरम पाण्याबरोबर घ्या. आतड्यांना वर्षानुवर्षे चिकटलेला मळ सुटेल, पोटफुगी जाईल, आणि आयुर्वेदिक असल्यामुळे जन्मभर घेतलं तरी अपाय नाही. ज्या शास्त्राच्या नावावर हे खपवलं जातं, त्यालाच यातलं बहुतेक मान्य नाही.

आधी तो ‘चिकटलेला मळ’. असा थर आतड्यात नसतो. आतल्या अस्तराच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी झडून नव्या येतात. वृद्धांच्या गुदाशयात मात्र कधी कडक खडा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ शौच झिरपत राहतं. घरच्यांना तो जुलाब वाटतो. अशा वेळी वरून रेचक दिलं तर नुसत्या कळा येतात. खडा डॉक्टरांनीच काढावा लागतो.

‘आयुर्वेदिक, म्हणून अपाय नाही’ हे सगळ्यांत घातक. सोनामुखीतली द्रव्यं मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंमुळे सक्रिय होतात, आतड्याला पिळवटून हालचाल करायला लावतात आणि पाणी आत ओढतात. म्हणून रात्री घेतलेल्याचा परिणाम सहा ते बारा तासांनी दिसतो. पानांच्या चूर्णाची मात्रा साधारण अर्धा ते दोन ग्रॅम. या नुस्ख्यातले दोन चमचे नऊ-दहा ग्रॅम धरले तर सोनामुखीच तीन ग्रॅम पोटात जाते. सैंधवही तितकंच, म्हणजे दिवसाच्या पाच ग्रॅम मिठाच्या मर्यादेतला निम्म्याहून मोठा वाटा एका घोटात. रक्तदाबाच्या माणसाला हे कोण सांगतं? महिनोन्‌महिने घेतल्यास शरीरातलं पोटॅशियम घटतं: पाय गळून जातात, गोळे येतात. लघवी वाढवणाऱ्या किंवा डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या गोळ्या चालू असतील तर हृदयाची लय बिघडू शकते. सोनामुखी वाईट नाही. ती चार-आठ दिवसांची आहे, आणि गरोदरपणात वैद्यांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

रोज पोट ‘साफ’ करा, असं आयुर्वेद सांगतच नाही. विरेचन, म्हणजे औषध देऊन जुलाब करवणं, हा पंचकर्मातला उपचार आहे. त्याआधी स्नेहन-स्वेदन (तूप-तेल आणि शेक), नंतर पेजेपासून सुरू करून आहार हळूहळू वाढवणारा संसर्जन क्रम. औषध ठरतं ते कोष्ठ, म्हणजे पोट कितपत सहज साफ होतं ती प्रकृती, पाहून. मृदू कोष्ठाच्या माणसाला गरम दूध किंवा रात्रभर भिजवलेल्या दहा-पंधरा काळ्या मनुका पुरतात. त्याला सोनामुखी दिली तर दुसऱ्या दिवशी तो कामावर जाऊ शकत नाही. क्रूर कोष्ठाच्या, कोरड्या वातप्रकृतीच्या माणसाला आधी स्निग्धता लागते: जेवणात चमचाभर तूप, कोमट पाणी. शिवाय रोजच शौचाला व्हायला हवं असंही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही, त्रासाविना होत असेल तर ठीक.

पोटफुगी आणि बद्धकोष्ठ यांना एकच चूर्ण, हाही घोटाळा. फुगणाऱ्या पोटाला सोनामुखी उलट मुरडा देते. तिथे अग्नी, म्हणजे पचनशक्ती, सुधारायचा: हिंगाष्टक चूर्ण एक ते दोन ग्रॅम, तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर. (यातही सैंधव आहे, रक्तदाब असलेल्यांनी जपावं.) वाल, चणे, राजमा आठ तास भिजवून ते पाणी टाकून द्यावं, शिजवताना हिंग-ओवा घालावा. दुधाने फुगत असेल तर दहा दिवस दूध बंद करून पाहावं.

आणि इकडे मूळ कारण बहुतेकदा औषधाचं नसतंच. सकाळची ठाणे-वाशी लोकल गाठायची म्हणून आलेला वेग दाबला जातो. मलवेग दाबू नये, हे चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात बजावलं आहे. उठल्यावर आणि नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं. तेवढ्यासाठी पंधरा मिनिटं आधी उठा. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. गुडघे कमरेच्या वर गेले की गुदमार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही.

वर्षानुवर्षे असं चूर्ण घेणाऱ्यांनी ते एकदम सोडू नये. आठवडाभर शौचाला होत नाही आणि माणूस घाबरून पुन्हा डबा उघडतो. दर आठवड्याला मात्रा निम्मी करत चला. सोबत इसबगोल एक चमचा, अख्ख्या ग्लासभर पाण्यात, कालवल्या कालवल्या प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं, आणि पहिले काही दिवस गॅस वाढतो, तेव्हा अर्ध्या चमच्याने सुरुवात बरी. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉईडच्या गोळीपासून चार. मंद थायरॉईड, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांनीही बद्धकोष्ठ होतं, तेही तपासून घ्या. शौचात रक्त, वजन घटणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल तर कोणतंही चूर्ण न घेता डॉक्टर गाठा. उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय.