शाळेतले प्रयत्न फुकट जातात, हे अर्धंच खरं

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: मुलांचा लठ्ठपणा रोखायचे शाळेतले कार्यक्रम फुकट जातात हे संशोधनानेच सिद्ध झालंय, बाळसं वयात आल्यावर आपोआप उतरतं, हे श्रीमंतांच्या पोरांचं दुखणं, आईबापांनी घरी आवर घातला की पुरे. तो पुढे पाठवणाऱ्यांत मुलांची मनापासून काळजी करणारी माणसं आहेत, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

आधी संशोधनाचं बघू. २०२४ मध्ये कॉक्रेन या, जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने ५ ते ११ वर्षांच्या मुलांवरच्या १७२ चाचण्या एकत्र तपासल्या. आहार आणि हालचाल दोन्हींवर काम केलं तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) थोडा कमी राहतो, असं दिसलं. थोडा म्हणजे खरंच थोडा. ०.१ चा फरक धरला, तर १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलामागे जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. पण ही सगळ्या मुलांची सरासरी आहे. तिच्यात काटकुळी मुलंही आली, ज्यांचं वजन घटायलाच नको. इथे कुणाला बारीक करायचं नसतं; काठावरचं मूल पलीकडे जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

शिवाय ‘कार्यक्रम’ म्हणजे नेमकं काय, हेही विचारा. मुंबईतल्या कितीतरी शाळांत आहारतज्ज्ञ बाई एक तास येतात, पडद्यावर ताटाचं चित्र दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात. मधल्या सुट्टीत तीच मुलं फाटकाबाहेर लालभडक चायनीज भेळ घेतात. पुढचा तास पीटीचा. पोर्शन मागे पडलाय म्हणून त्यात गणित. असा कार्यक्रम फसणारच, आणि त्याचं खापर लठ्ठपणा रोखण्याच्या कल्पनेवरच फोडणं मला चुकीचं वाटतं. राज्य सरकारने मे २०१७ मध्येच शाळांच्या कँटीनमधून जंक फूड काढायला सांगितलं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांत विकता येत नाहीत. आपल्या शाळेबाहेर एकदा उभं राहून बघा.

परिस्थिती बदलली की फरक पडतो. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून साखरेच्या पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. कंपन्यांनी कर टाळायला साखरच घटवली. पुढच्या अभ्यासात १०-११ वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, कर नसता तर जेवढा असता त्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी आढळला. मुलग्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

बाळशाचं म्हणाल, तर लठ्ठ मुलांपैकी निम्म्याहून अधिक किशोरवयातही लठ्ठच राहतात, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही. श्रीमंतांचं दुखणं? पाच रुपयांच्या वेफर्सची माळ वस्तीतल्या प्रत्येक दुकानावर लटकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ४.१.

उरलं आईबापांचं. गंमत अशी की हाच उपाय सर्वांत थेट तपासला गेलाय. बाळाच्या पहिल्या वर्षातच पालकांना मार्गदर्शन सुरू करण्याच्या १७ चाचण्या, ९ हजारांवर मुलं, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२५ साली छापलेलं विश्लेषण: दोन वर्षांच्या वयात बीएमआयमध्ये फरक नाही. पालक बेफिकीर असतात, असा याचा अर्थ मी लावणार नाही. सकाळची विरार लोकल पकडून रात्री आठला परतणारी आई मुलाला खेळायला नेणार कुठे, आणि कधी? गल्लीत गाड्या, मैदानाला कुलूप. तिला सल्ला देऊन तिचा दिवस मोठा होत नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी लेखी मागा: पीटीचे तास खरोखर किती झाले, कँटीनच्या यादीत काय आहे, आणि शाळा सुटल्यावर मैदान तासभर उघडं ठेवायला कोणाची परवानगी लागते.