खरी गोम शेवटच्या विक्रीत नाही

‘शिन कॉर्प विकताना थाकसिन यांनी कर बुडवला’ हे थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा आणि त्यांच्या कुटुंबाच्या या दूरसंचार कंपनीवरच्या लेखातलं वाक्य फार ढोबळ आहे. थायलंडमध्ये व्यक्तीने शेअर बाजारातून शेअर विकले की नफ्यावर कर लागत नाही. २३ जानेवारी २००६ ला कुटुंबाने ४९.६ टक्के हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला सुमारे ७,३३० कोटी बाटला (बाट हे थायलंडचं चलन) विकला, तो त्या सवलतीत चोख बसवलेला होता. पाणी मुरत होतं ते तीन दिवस आधी. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या ‘अँपल रिच’ या कंपनीकडचे शिन कॉर्पचे ३२.९२ कोटी शेअर थाकसिन यांच्या मुलाला आणि मुलीला बाजाराबाहेर एक बाट दराने दिले गेले आणि त्यांनी ते लगेच ४९.२५ बाटने पुढे सरकवले. शेअरमागे ४८.२५ बाट, म्हणजे जवळजवळ १,५९० कोटी! महसूल खात्याने पुढे बोट ठेवलं ते या फरकावर.

आणि थायलंडच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या निकालाचा करचुकवेगिरीशी संबंध जोडू नका. थाकसिन कुटुंबाच्या गोठवलेल्या ७,६६० कोटींपैकी ४,६३७ कोटी बाट जप्त झाले ते सत्तेत असताना कंपनीचं भलं केलं म्हणून: प्रीपेड मोबाइल सेवेच्या उत्पन्नातला सरकारी वाटा २० टक्क्यांवर आणणं, म्यानमारला ४०० कोटी बाटचं एक्झिम बँकेचं (थायलंडची सरकारी निर्यात-आयात बँक) कर्ज देणं, वगैरे. बाकीचा पैसा कोर्टाने सोडला, कारण ती मालमत्ता पंतप्रधानपदाच्या आधीची होती. लेखात नेमकं हेच गाळलंय.