अमुक म्हणजेच तमुक: थिअरी मांडण्याआधी

(स्पॉयलर आहेत. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ची पाचही पुस्तकं आणि ‘हॅरी पॉटर’ची शेवटची दोन वाचली नसतील तर पुढे जाऊ नका.)

डारिओ म्हणजेच युरॉन. मान्स रेडर म्हणजेच ऱ्हेगार. सेप्टा लेमोर म्हणजेच अशारा डेन. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ह्या कादंबऱ्या वेस्टरॉस नावाच्या काल्पनिक भूमीत घडतात, आणि तिच्या चाहत्यांमध्ये ‘एक पात्र म्हणजेच दुसरं पात्र’ अशा थिअऱ्यांना तोटा नाही. बहुतेकांची मांडणी एकाच वळणाची असते: ह्याचे डोळे निळे, त्याचेही निळे, ह्याचं प्रेत कुणी पाहिलं नाही, तो अचानक कुठून तरी उगवला. अशा बादरायण संबंधावर कुणालाही कुणीही ठरवता येतं.

मला सरळ म्हणायचंय की साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे असा तपशील, ज्याला त्या प्रसंगात दुसरं काहीच काम नाही आणि तरीही लेखकाने त्याच्यासाठी दोन-तीन ओळी खर्ची घातल्यात.

उदाहरण जाकेन ह्घार ह्या मारेकऱ्याचं. ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’मध्ये (१९९८) हॅरनहाल किल्ल्याहून निघताना तो आर्या स्टार्क ह्या मुलीसमोर चेहरा बदलतो. गाल भरतात, नाक बाकदार होतं, उजव्या गालावर व्रण उमटतो. अर्धे लाल, अर्धे पांढरे असे लांब सरळ केस जातात आणि काळे कुरळे केस येतात. आता सात वर्षांनी आलेल्या ‘अ फीस्ट फॉर क्रोज’चं (२००५) पहिलंच प्रकरण काढा. ओल्डटाउनमध्ये सिटाडेल ह्या विद्यापीठात शिकणारा पेट नावाचा पोरगा एका किमयागाराला चोरलेली किल्ली विकतो आणि म्हणतो, चेहरा दाखव. टोपी मागे सरकते. भरलेले गाल, उजव्या गालावर पुसट व्रण, बाकदार नाक, कानांभोवती दाट काळे कुरळे केस. पेटला त्यात काही विशेष दिसत नाही, कारण त्याला ह्या चेहऱ्याचं सोयरसुतकच नाही. आर्या तर तिथून शेकडो मैल लांब. म्हणजे हे वर्णन त्या प्रसंगातल्या कुणासाठीच नाही, ते फक्त वाचणाऱ्यासाठी आहे. पेट मिळालेलं सोन्याचं नाणं दाताखाली दाबून बघतो, चार पावलं चालतो आणि कोसळतो. पुस्तकाच्या शेवटी सॅम सिटाडेलमध्ये पोचतो तेव्हा एक पोरगा पुढे येऊन आपलं नाव पेट असं सांगतो.

एकाच चेहऱ्यावर चार खुणा जुळल्या, तो माणूस चेहरा बदलू शकतो हे आधी दाखवलंय, आणि किल्लीमुळे त्याच्या येण्याला कारणही आहे. उत्तम थिअरी अशी दिसते. ओढाताण कुठेच करावी लागत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे, पण वेळ खाते. कागदावर प्रत्येक खुणेसमोर तीन गोष्टी लिहा: कुठलं पुस्तक आणि प्रकरण, ते कुणाच्या नजरेतून सांगितलंय, आणि त्या वाक्याचं त्या प्रसंगात साधं काम काय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे ठणठणीत उत्तर मिळालं, म्हणजे ते वाक्य भांडण वाढवतं, स्वभाव दाखवतं किंवा भीती निर्माण करतं असं निघालं, तर त्या खुणेचं वजन निम्मं धरा. दुसरा रकाना भरताना बघा की खुणा वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून आल्यात का. एकाच माणसाच्या प्रकरणांत दहा खुणा सापडणं आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोघांकडे एक-एक सापडणं, ह्यात दुसरं जास्त मोलाचं.

जॉन स्नो हा नेड स्टार्कचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र ऱ्हेगार ह्यांचा मुलगा, ही थिअरी टिकली ती ह्यामुळेच. नेडच्या तापातल्या स्वप्नात, लियाना होती त्या टॉवर ऑफ जॉय बुरुजासमोर, तीन किंग्जगार्ड म्हणजे राजाचे अंगरक्षक उभे आहेत: आर्थर डेन, ऑस्वेल व्हेंट, जेरॉल्ड हायटॉवर. राजा एरिस मेलाय. ऱ्हेगार ट्रायडंटवर पडलाय. वारस व्हिसेरिस ड्रॅगनस्टोनकडे गेलाय. राजाचं रक्षण करायची शपथ घेतलेले तीन सर्वोत्तम योद्धे दूर कुठेतरी एका बुरुजाखाली सात जणांशी मरेपर्यंत का लढतात? नेड स्वप्नात त्यांना हेच विचारतो, तुम्ही तिकडे का नव्हता, आणि ते शपथेच्याच भाषेत उत्तर देतात. ह्यावरून लियाना आणि ऱ्हेगारचं लग्न झालं होतं हे मात्र सिद्ध होत नाही. ऱ्हेगारचा हुकूम होता एवढंही कारण पुरतं. थिअरी जेवढं पेलते तेवढंच तिच्यावर लादावं.

दुसरी साक्ष संपूर्ण वेगळ्या ठिकाणची. हॅरनहालच्या स्पर्धेत ऱ्हेगारने लियानाला निळ्या गुलाबांचा मुकुट दिला, ती आठवण नेडच्या डोक्यात. इकडे समुद्रापलीकडे, हाउस ऑफ द अनडाइंग ह्या मांत्रिकांच्या वास्तूत ऱ्हेगारच्या बहिणीला, डेनेरिसला, बर्फाच्या भिंतीतून उगवलेलं निळं फूल दिसतं. तिला ना नेड भेटलाय, ना बर्फाच्या भिंतीवर पहारा देणारा जॉन. तिच्या कथेत त्या फुलाला काहीही काम नाही. पहिलं पुस्तक १९९६चं, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ह्या टीव्ही मालिकेने हे उघड केलं २०१६मध्ये सहाव्या सीझनच्या शेवटी. वीस वर्षं ही थिअरी उभी होती ती अशा दोन-तीन खुंट्यांवर.

आता जिच्याबद्दल माझा विरोध आहे ती घेतो: टिरियन लॅनिस्टर हा टायविनचा नव्हे, राजा एरिसचा मुलगा. मांडणारे अभ्यासू आहेत, तेव्हा त्यांची बाजू आधी. पांढुरके केस, दोन डोळे दोन रंगांचे, लहानपणापासून ड्रॅगनची ओढ. टार्गेरियन घराण्याच्या अनौरस शाखेत शिएरा सीस्टारचेही डोळे दोन रंगांचे होते. २०१४च्या ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’मध्ये तर २७२ सालच्या स्पर्धेसाठी टिरियनची आई जोआना राजधानीत आल्याची नोंद आहे आणि टिरियनचा जन्म २७३चा. काळ जुळतो, स्थळ जुळतं.

पण तिसरा रकाना भरा. मरताना टायविन म्हणतो, तू माझा मुलगा नाहीस. त्या वाक्याला तिथे पूर्ण वेळ काम आहे: बाप शेवटच्या श्वासापर्यंत नाकारतोय. आणि ‘फीस्ट’मध्ये आत्या जेना टिरियनच्या भावाला, जेमीला, तोंडावर सांगते की टायविनचा खरा मुलगा टिरियन आहे, तू नव्हेस. टायविनने ज्याचा जन्मभर तिरस्कार केला तोच पोरगा बुद्धीने आणि कठोरपणाने हुबेहूब त्याच्यासारखा निघाला, ही त्या घराची शोकांतिका आहे. टिरियनला दुसऱ्याचा मुलगा केलं की टायविन बरोबर ठरतो. कथेतलं सगळ्यात दुखरं नातं विस्कटून बदल्यात एक वंशावळ मिळते. काळ जुळणं ही फक्त पहिली पायरी, हे इथे नीट कळतं.

काळ जुळत नसेल तर पुढचं काही बघायचीच गरज नाही. भिंतीपलीकडे भेटणारा मेलेला वाटाड्या कोल्डहँड्स म्हणजे नेडचा भाऊ बेंजेन, ही थिअरी तिथेच संपते. बेंजेन पहिल्या पुस्तकात बेपत्ता होतो आणि कोल्डहँड्सबद्दल ‘चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्ट’ ह्या दीर्घायुषी जमातीतली लीफ म्हणते, त्याला फार पूर्वी मारलंय. शेकडो वर्षं जगणाऱ्यांच्या तोंडचं ‘फार पूर्वी’ म्हणजे दोन-तीन वर्षं नव्हेत. पुढे ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’चं हस्तलिखित टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासकांना बघायला मिळालं. त्यात संपादिकेने हाच प्रश्न समासात विचारलाय आणि मार्टिनने ‘नाही’ असं लिहिलंय. मालिकेने २०१६मध्ये दोघांना एकच करून टाकलं तो मालिकेचा निर्णय. पुस्तकाच्या थिअरीला मालिकेचा पुरावा जोडू नका. ही चूक इतकी सर्रास होते की थिअरी वाचताना मी आधी तेच तपासतो.

नावांबाबत एक खबरदारी. मराठीत लिहिताना आपण नावं उच्चाराप्रमाणे लिहितो आणि तिथेच खूण हरवते. सिटाडेलमधला अलेरास हे नाव मूळ रोमन लिपीत उलटं वाचलं की अक्षर न् अक्षर सरेला होतं, म्हणजे राजपुत्र ओबेरिनची मुलगी. देवनागरीत ते दिसतच नाही. उलट कधी भाषांतरच गुपित फोडतं. ‘हॅरी पॉटर’च्या ‘हाफ-ब्लड प्रिन्स’मध्ये (२००५) लॉकेटमधल्या चिठ्ठीवर आर. ए. बी. अशी सही आहे. डच आवृत्तीत शेवटचं अक्षर झेड, नॉर्वेजियनमध्ये एस, फिनिशमध्ये एम. त्या-त्या भाषेत ब्लॅक हे आडनाव झ्वार्ट्स, स्वार्ट, मुस्ता असं झालेलं. आर. ए. बी. म्हणजे सिरियस ब्लॅकचा भाऊ रेग्युलस, हे चाहत्यांनी २००७च्या शेवटच्या पुस्तकाआधीच पक्कं केलं. उघडत नसलेलं जड लॉकेटही पाचव्या पुस्तकात साफसफाई करताना एका ओळीत येऊन गेलंच होतं. बिनकामाचा तपशील, पुन्हा तोच.

अजून न सुटलेल्यांपैकी मला सगळ्यात भक्कम वाटते ती यंग ग्रिफची. ऱ्हेगारचा मुलगा एगॉन म्हणून पुढे आणलेला हा पोरगा एगॉन नसून टार्गेरियनांच्या बंडखोर अनौरस शाखेतल्या, म्हणजे ब्लॅकफायर रक्ताचा आहे. सेप्टन मेरिबाल्ड हा धर्मगुरू शोधात निघालेल्या ब्रिएनला वाटेत एका खाणावळीच्या पाटीची गोष्ट सांगतो. काळ्या लोखंडाचा तीन तोंडांचा ड्रॅगन होता, त्याचे तुकडे करून नदीत फेकले आणि कैक वर्षांनी एक डोकं क्वाएट आयलला किनाऱ्याला लागलं, तोवर ते गंजून लाल झालं होतं. काळा ड्रॅगन ब्लॅकफायरांचा, लाल टार्गेरियनांचा. ब्रिएनच्या शोधाशी त्या पाटीचा काडीचा संबंध नाही. वेगळ्या खंडात यंग ग्रिफचा पाठीराखा इलिरिओ टिरियनला सांगतो की काळा असो वा लाल, ड्रॅगन तो ड्रॅगनच, आणि हेही की ब्लॅकफायर पुरुषवंशात संपले. पुरुषवंशात, हे त्याने आवर्जून का म्हणावं?

ह्याविरुद्ध एकच गोष्ट जड आहे. ‘डान्स’च्या शेवटी मरणाऱ्या केव्हनसमोर, टायविनच्या भावासमोर, हेरप्रमुख वॅरिस एगॉनबद्दल असा बोलतो की तो खराच एगॉन आहे. मरणाऱ्याशी खोटं कशाला बोलायचं? खोलीत त्याची सुरे घेतलेली मुलं ऐकत होती, हे उत्तर देता येतं, पण ते मला पुरेसं वाटत नाही. तरीही पाटी, इलिरिओ आणि ब्लॅकफायरांसाठीच उभारलेली आणि आता यंग ग्रिफच्या बाजूने लढणारी भाडोत्री फौज गोल्डन कंपनी, ह्या तीन वेगळ्या खुणा एका बाजूला आणि वॅरिसचा एक शब्द दुसऱ्या बाजूला ठेवला तर माझं मत पाटीला.