‘पत्र्याच्या शेडवाल्यांचं काम’

चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा जिला अडकवतात ती डेकमधून खाली जाणारी स्टीलची पट्टी. ती बसवताना कोणतं सीलंट (फट बुजवून पाणी अडवणारं लुकण) लावावं, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी थोडक्यात: ५२०० (कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन सीलंट) लावा आणि मोकळे व्हा, ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) हे पत्र्याच्या शेडवाल्यांचं काम, पॉलिसल्फाइड या आणखी एका सीलंटची माहिती चुकीची, डेकच्या आतल्या बाल्सा या हलक्या लाकडाबद्दल अवाक्षर नाही, आणि शेवटी, ‘लेखकाने बोट कधी धक्क्यापुढे नेलीय का?’

पॉलिसल्फाइडचं मान्य. अॅक्रिलिकच्या खिडक्यांना ते चालतं असं मी लिहिलं होतं. चालत नाही, प्लास्टिक खराब होतं. ओळ काढली आहे.

आता धक्क्याचं. टोपणनावामागे बसून असं विचारायला पैसे पडत नाहीत. बारा वर्षं मी मुंबई बंदरात शिडाची बोट चालवतोय. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात मांडव्याहून परतताना वाऱ्याकडच्या श्राउडवर, म्हणजे डोलकाठीच्या बाजूच्या तारेवर, ताण येऊन डेक कुरकुरतो, तो आवाज ओळखीचा आहे माझ्या. आजोबांची होडी होती. नारळी पौर्णिमेआधी फळ्यांच्या फटींतलं जुनं खरवडून नवा कापूस ठोकायचा, वर राळ-तेलाचं लुकण, हे मी लहानपणी हाताने केलंय. दरवर्षी निघावं म्हणूनच ते भरायचे. आपल्याला हेही शेडवाल्यांचंच काम वाटेल.

माझी २६ फुटी बोट जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने चेनप्लेटची झाकणपट्टी कुठल्याशा पक्क्या पॉलियुरेथेनने बसवली होती. सुरी, हेअर ड्रायर, दोन रविवार. शेवटी पट्टी निघाली ती तळहाताएवढा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) घेऊनच. खाली स्टीलवर चहासारखे ओघळ, आणि नेमकं डेकच्या जाडीत, जिथे ओल होती पण हवा नव्हती, तिथे बारीक खड्डे. स्टेनलेस तिथेच सडतं. चेनप्लेट धरून ठेवतात बोल्ट. सीलंटने फक्त पाणी अडवायचं असतं. प्लेट काढून बघता आली पाहिजे, एवढंच मी लिहिलं होतं. वाचलं होतंत ना?

ब्यूटाइलची वात वळून बोल्टच्या गळ्याभोवती गुंडाळायची, बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवायचा. टेप कडेने हळूहळू बाहेर येते. चार दिवसांनी पुन्हा थोडं आवळायचं. ती वाळून कडक होत नाही, म्हणून प्लेट हलली तरी सोडत नाही. डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी मात्र लावू नका, विरघळते. हे मूळ लेखात होतं.

बाल्साचा विषय वेगळा आहे, एका लेखात सगळं मावत नाही.

मेअखेर बोट वर काढतोय. डावीकडची प्लेट उघडली की फोटो टाकेन. तोवर आपल्या चेनप्लेटचे टाका, काढता आल्या तर.