निंबावर फुली

मे महिना, दुपारचे तीन, सीताबर्डीतलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवलेली, पण टाकीतलं पाणी बारालाच संपलेलं. अशा वेळी सर्व्हेच्या पोराने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "भाऊ, काटोल रोडचा लेआउट. अकराशे चाळीस पॉइंट आहेत. पाहून घ्या."

पाहायला काही दिसलं तर ना! पॉइंट म्हणजे जागेवर मोजलेलं एकेक झाड, खांब, बोअर. नकाशाची डीएक्सएफ फाइल उघडली, स्क्रीन काळी. सगळा नकाशा पडद्यावर मावावा म्हणून झूम एक्स्टेंट्स दिलं, थोडे ठिपके दिसले. बरं वाटलं. मग स्क्रीन पुसली आणि तेही गेले. ती धूळ होती. खरे पॉइंट त्याहून बारीक. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीमोड, म्हणजे पॉइंट कोणत्या चिन्हाने दिसेल ते ठरवणारा आकडा, मुळात 0 असतो. 0 म्हणजे ठिपका, कितीही जवळ जा, ठिपकाच. 1 केला तर तोही नाहीसा होतो. ही सोय कोणी मागितली असेल, देव जाणे.

आमचं नागपूर झिरो माइलचं गाव. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन हिंदुस्थान मोजायला निघालेले लॅम्बटन साहेब नागपूरकडे येतायेता 1823 मध्ये हिंगणघाटला वारले. थडगं तिथेच आहे. त्यांच्या वाट्याला वाघ आले, ताप आले, पण पीडीमोड आला नाही.

तेवढ्यात जमीनमालक काका आले. ठिपक्यांची प्रिंट दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती खिडकीशी नेली. "भाऊ, याच्यावर माश्या बसून गेल्या वाटते."

म्हणून चिन्ह बदलायला घेतलं. हिशेब किराणा दुकानासारखा. फुलीचे 3, तिच्याभोवती गोल हवा तर 32 वेगळे, झाले 35. चौकोन घ्याल तर 64. गोल-चौकोन दोन्ही, 96. सवलत नाही. मी 35 टाकलं, रीजेन दिलं, म्हणजे चित्र नव्याने काढायला लावलं, आणि स्क्रीन भरून गेली. पीडीसाइझ, म्हणजे चिन्हाचं माप, 0 होता ना! म्हणजे एकेक चिन्ह पडद्याच्या उंचीच्या पाच टक्के. अकराशे चाळीस गोल एकमेकांवर चढलेले, हुबेहूब तर्रीवरचं तेल. झूम केलं की आणखी फुगत, रीजेन दिलं की पुन्हा मूळ मापाला येत. शेवटी पीडीसाइझ 2 केला. आता प्रत्येक गोल नकाशात बरोबर दोन मीटरचा, कुठूनही बघा.

मी प्रिंट काकांपुढे ठेवली. काकांचा चेहरा उतरला.

"साऱ्याच झाडाईवर फुली काहून मारली? तोडून राहिले का?"

"नाही काका, तो पॉइंट आहे."

"बोअरवर बी फुली हाय."

काकांचं चुकत नव्हतं. पीडीमोड पूर्ण ड्रॉइंगला एकच असतो. निंब, विजेचा खांब, मॅनहोल, बोअर, सगळ्यांना एकच गणवेश. झाडाला झाडासारखं दाखवायचं तर सिव्हिल थ्रीडी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जा, सीएसव्ही यादीतून कोगो पॉइंट, म्हणजे वर्णनासकट पॉइंट, आणा, डिस्क्रिप्शन की, म्हणजे कोणत्या वर्णनाला कोणतं चिन्ह याचे नियम, बनवा: 'नीम'ला झाडाचं चिन्ह, 'पोल'ला खांबाचं. केलं. एकशे बेचाळीस निंबांपैकी नऊ उगवले.

या कीला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात, आणि आमच्या पोराला सारखीच वाटतात. वर्णनाच्या रकान्यात कुठे कॅपिटल नीम, कुठे स्मॉल नीम, कुठे 'निंब', एका ठिकाणी 'निम बडा', आणि पॉइंट 617 ला नुसतं 'झाड?'. हे प्रश्नचिन्ह मी अजून विसरलो नाही.

"अबे, हे काय होय?"

"भाऊ, ऊन किती होतं!"

ऊन 45 अंश होतं, त्यामुळे पुढे बोलता येईना. संध्याकाळपर्यंत एकेक वर्णन सुधारलं. सुधारून चिन्ह बदलत नाही हेही तेव्हाच कळलं, डिस्क्रिप्शन की पुन्हा लागू करण्याचा वेगळा हुकूम द्यावा लागतो. दिला. आणि सातच्या सुमाराला काळ्या स्क्रीनवर हिरवी, गोल, फांद्या काढलेली झाडं पटापट उभी राहिली. मी पोराला स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी काका आले. प्रिंट खिडकीशी नेली. बराच वेळ पाहिली. मी श्वास धरून बसलो.

"झाडं मस्त काढली भाऊ," काका म्हणाले. "पण हे निंब नाही वाटत. संत्र्याचं वाटते."