नाडी जुळली

गेल्या रविवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये गणपतीचे ढोल कोणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचे यावर खल चालला होता. मध्येच एका गृहस्थांनी मला विचारलं, "ती नाडीवाली स्पोर्ट्स कार तुमचीच ना?" खोलीत बावीस माणसं होती. बावीसच्या बावीस हसली. कोणी 'नाडीवाली म्हणजे?' असं विचारलं नाही, यावरून काय ते समजलो.

तर आता खरं काय घडलं ते.

गाडी 2008 ची माझदा मियाटा. सेकंडहँड, लाल, दोन सीटांची. गाव डॅलसच्या बाजूचं, महिना जुलै, पारा 104 फॅरनहाइट, म्हणजे आपले चाळीस. "छत उघडतं ना तुमचं? मग एसी कशाला?" असं विचारणाऱ्यांनी टेक्ससमध्ये दुपारी दोन वाजता छत उघडून सिग्नलला उभं राहावं. आमच्याकडे पापड तसेच वाळवतात. एसी लावला की तो फिरवणारा पट्टा केकाटायचा, खाली वाकून बघितलं तर त्याला भेगा. गॅरेजवाल्याने साडेतीनशे डॉलर सांगितले. पट्टा तीस डॉलरचा. उरलेले तीनशेवीस कशाचे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तो चढवायचे." मला त्याचा राग आला होता. आता येत नाही.

हा पट्टा म्हणजे एक वेगळीच जात आहे. एरवी पट्टा ताणून धरायला एखादी स्प्रिंगची पुली असते, नाहीतर सरकवायचा बोल्ट असतो. इथे दोन्ही नाही. पट्टाच मुद्दाम तोकडा बनवलेला, आत नायलॉनचे दोर, त्यामुळे तो थोडासा ताणतो आणि स्वतःच्याच ताणावर बसून राहतो. बसून राहतो म्हणजे, आधी बसला तर. जुना काढायची रीत सोपी: सुरीने कापायचा. मी कापला. (सुरी लसणाची होती. त्या विषयावर घरात स्वतंत्र बैठक झाली.) कापल्यावर मागे फिरायची वाट बंद.

व्हिडिओतल्या माणसाने नवा पट्टा सात मिनिटांत चढवला होता. मी अडीच तास गाडीखाली होतो. एसीच्या कॉम्प्रेसरच्या पुलीवर बसवला की इंजिनच्या क्रँकच्या पुलीवर बोटभर कमी. क्रँकवर बसवला की कॉम्प्रेसरवर बोटभर कमी. स्क्रूड्रायव्हर घातला, पहार घातली, तीन बोटांची सालं काढून घेतली. ही गाडी बनवणारे 'जिंबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. एकजीव झालोच होतो आम्ही, फक्त मी घोड्याच्या पोटाखाली होतो.

आणि वर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, सासरे.

अण्णा सहा महिन्यांसाठी आलेत. तासगावजवळच्या खेड्यात त्यांनी एकतीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. पहिली बरीच वर्षं ऑइल इंजिनवर, धुराड्यावर डबा उपडा घातलेला, म्हणजे 'पुक-पुक' वाजलं की आयाबायांनी ओळखायचं गिरणी सुरू झाली. ती त्या गावाची नोटिफिकेशन. मागे जाऊन तो आवाज रेकॉर्ड करून ठेवायला हवा होता, असं मला अधूनमधून वाटतं. पण त्या दिवशी तसं अजिबात वाटत नव्हतं.

"ह्येचा पट्टा घट्ट करायचा बोल्ट कुठाय?" वरून प्रश्न.

"बोल्ट नसतो, अण्णा."

"मंग सैल झाला की?"

"कापून टाकायचा. नवा घ्यायचा."

बराच वेळ काही नाही. मग, "डोकं लावलंय म्हणायचं. पर गिऱ्हाइकासाठी न्हाई लावल्यालं."

मला हसायला यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यात ग्रीस गेलं होतं.

"जावईबापू, राग मानू नका," ते म्हणाले. म्हणजे राग येईल असं काहीतरी येणार. "जोर लावून पट्टा चढत न्हाई. पट्ट्याला वाटलं पायजे की आपुन सवताच चढतोय. आमच्या गिरणीला हातभर रुंद पट्टा व्हता. पुलीला मधी फुगवटा असतोय. कडंला लावून दिला आन् पुली फिरली, की आपसूक मधी येतोय. तुमी पुली थांबवून त्येच्याशी कुस्ती खेळताय."

"अण्णा, ही गिरणी नाही."

"पट्टा हाय का न्हाई?"

यावर काय बोलणार? मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशा प्रश्नांना आम्ही 'हे आपण ऑफलाइन बोलू' म्हणतो. गाडीखालून ते म्हणता येत नाही.

"पट्टा पुलीच्या कडंला धरा, आन् तितंच पुलीला बांधा. मंग पुली हातानं फिरवा. बांधल्याला पट्टा जाईल कुटं? येतोय वर." आणि मग, "दोरी हाय का?"

दोरी नव्हती. प्लास्टिकचे बंद होते, ते मीच गेल्या दिवाळीला कंदील टांगायला संपवले होते. गराजमध्ये आठशे डॉलरचा टूलबॉक्स आहे, त्यात हातभर सुतळी नाही. मी हे सांगत असतानाच वर काहीतरी सर्रकन ओढल्याचा आवाज आला आणि बंपरच्या खाली एक पांढरी नाडी लोंबायला लागली.

लेंग्याची.

"सुरगाठ नको, निरगाठ मारा," वरून सूचना.

पुलीच्या भोकातून नाडी ओवली, पट्ट्याभोवती घेतली, निरगाठ मारली. गाडी न्यूट्रलमध्ये होतीच. मोठा सॉकेट लावून क्रँक फिरवायला लागलो. आणि पट्टा चढला. कुरकुरत, पण चढला. अडीच तास माझ्या बापाला दाद न देणारा पट्टा माझ्या सासऱ्यांच्या नाडीवर अर्ध्या फेऱ्यात पुलीवर जाऊन बसला, चारही खाचा जागच्या जागी. इथे सांगायला हवं की लग्नाच्या वेळी आमची एकनाड निघाली होती आणि त्यापायी अण्णांनी होकार द्यायला आठ महिने लावले होते.

नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या घरातल्या आजी कुत्रा घेऊन फिरायला आल्या. मला खालून फक्त कुत्र्याचे पाय दिसत होते. "हॅलो देअर!" त्या म्हणाल्या. अण्णा एका हाताने लेंगा धरून उभे होते. पण पाहुणचाराचा माणूस. बाईमाणूस समोर आलं, खुर्चीवरून उठलेच होते, 'राम राम' म्हणाले. आणि राम राम दोन हातांनी करतात.

मला एवढंच दिसलं, की लेंगा माझ्या डोळ्यांच्या पातळीला आला. कुत्रा भुंकला. अण्णांची आतली चड्डी पट्ट्यापट्ट्यांची आहे ही माहिती आमच्या गल्लीत आता सार्वजनिक आहे. आजी फार सभ्य. "लव्हली कार," एवढंच म्हणाल्या.

माझी तक्रार यातल्या कशाबद्दलच नाही. तक्रार पुढची आहे. हा किस्सा अण्णांनी पहिल्यांदा फोनवर तासगावला सांगितला तेव्हा "आमी दोगांनी पट्टा चढवला" असं होतं. शनिवारी सत्यनारायणाला "जावईबापू व्हते मदतीला" झालं. आणि मंडळात, माझ्या देखत, "आमचे जावईबापू झोपल्ये व्हते गाडीखाली." शब्दशः खरं आहे, म्हणून खोडूनही काढता येत नाही. सालं गेलेली बोटं मी वर करून दाखवली, तर कोणाला वाटलं मी ढोल ठेवायला तयार आहे. चार ढोल आता माझ्या गराजमध्ये आहेत.

एसी गार लागतो. केकाटणं बंद. बायको परवा शेजारी बसून म्हणाली, "अण्णांनी छान केलं हं." मी छत उघडलं.

नाडी गाठ सुटेना म्हणून कापावी लागली. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये तेवीस प्रकारचे तांदूळ मिळतात, नाडी मिळत नाही. अण्णांनी कोणाला न विचारता तोडगा काढला आहे. माझे धावायचे बूट दाराशी बिनलेसचे पडले आहेत, आणि लेंग्याच्या पुढे सकाळ-संध्याकाळ फ्लोरोसंट हिरवी टोकं लोंबतात.